हप्ते चालू असताना फ्रीज बसला तर? कर्जफेड आणि घरातल्या वस्तूंची बदली यांचा एकत्र हिशेब

कर्ज फेडायचा बेत बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मोडतो आणि दर वेळी त्यामागे चैन असतेच असं नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर बसतो, इन्व्हर्टरची बॅटरी मान टाकते, बाथरूमचं पाणी खालच्या फ्लॅटच्या छतातून ठिबकायला लागतं. शिल्लक असलेलं सगळं कार्डावर भरून टाकलेलं असतं, त्यामुळे तेच कार्ड पुन्हा बाहेर निघतं. याच्या अगदी उलट चालणारी घरंही आहेत. तिथे ४२ टक्के व्याजाचं कार्ड थकलेलं असतं आणि शेजारी सव्वासहा-साडेसहा टक्क्यांची आरडी ‘फ्रीजसाठी’ म्हणून निष्ठेने भरली जात असते.

कर्ज फेडताना बाजूला पैसे ठेवायचेच. पण किती ठेवायचे हे इच्छेवर सोडू नये, अंगावरच्या सर्वात महाग कर्जाच्या दरावर ठरवावं. कार्डाची थकबाकी असेपर्यंत दुरुस्तीपुरते ठेवा. ती संपली की वस्तू बदलण्यासाठी पूर्ण रक्कम ठेवायला लागा. हे कसं करायचं ते एका घराचे आकडे धरून पाहू, म्हणजे तुमचे आकडे घालून तुम्हालाही करता येईल.

हिशेबाचं घर

नाशिकच्या सिडकोत स्वतःचा फ्लॅट, नवरा-बायको, दोन मुलं. हातात येणारा पगार ६८,००० रुपये. गृहकर्ज १९ लाख शिल्लक, दर साडेआठ टक्के, हप्ता २१,५००. वैयक्तिक कर्ज १,४०,००० शिल्लक, दर १४ टक्के, हप्ता ६,८००. टीव्हीचा ईएमआय २,२५०, अजून सात महिने. क्रेडिट कार्डाची थकबाकी ५८,०००. आणि मेहुण्याकडून हातउसने घेतलेले ४०,०००, बिनव्याजी.

घरखर्च २८,०००. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स आहे. मुलांची फी आणि विम्याचा हप्ता बाराने भागून धरलाय. ही बाराने भागायची सवय नसेल तर पुढचं काहीच जमणार नाही, कारण जूनमधली फी दर वर्षी ‘अचानक’ येते.

सगळं वजा जाता उरतात ९,४५०. कार्डाची फेड आणि बचत, दोन्ही यातूनच भागवायचं आहे.

पहिली पायरी: कर्जांची यादी, लपलेल्यांसकट

एका कागदावर प्रत्येक कर्जाच्या चार गोष्टी लिहा: शिल्लक रक्कम, व्याजदर, हप्ता, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती. शिल्लक रक्कम आठवणीने लिहू नका, बँकेच्या ॲपमधून किंवा स्टेटमेंटवरून घ्या.

यादीत हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी म्हणजे पतसंस्थेचं कर्ज, बचत गटातून घेतलेली उचल, सोसायटीची थकबाकी, किराणा दुकानातली उधारी आणि भिशी. भिशीचा नंबर आधीच उचलून झाला असेल तर उरलेले हप्ते हे तुमचं कर्ज आहे. नंबर अजून लागायचा असेल तर ती बचत. एकच भिशी, पण यादीत दोन वेगळ्या रकान्यांत जाते. सोसायटीच्या थकबाकीकडे तर विशेष लक्ष द्या. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) सोसायटी त्यावर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावू शकते. म्हणजे ती तुमच्या वैयक्तिक कर्जापेक्षा महाग असू शकते.

व्याज ‘शेकडा पाच’ असं सांगितलं गेलं असेल तर ते महिन्याचं असतं, वर्षाचे ६० टक्के. असं कर्ज असेल तर बाकी सगळी यादी बाजूला ठेवून आधी ते उतरवा. परवाना नसलेली सावकारी महाराष्ट्रात २०१४च्या सावकारी नियमन कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते, तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला उपनिबंधक.

आपल्या उदाहरणात खरा शत्रू कार्ड आहे. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ५८,००० वर २,०३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६५, मिळून २,३९५. ‘मिनिमम ड्यू’ म्हणून ५ टक्के म्हणजे २,९०० भरले तर मुद्दलातून जेमतेम ५०० रुपये कमी होतात. शिवाय थकबाकी पुढे नेली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, आज घेतलेल्या पेट्रोलवर आजपासून व्याज. म्हणून पाकिटातलं कार्ड कपाटात ठेवा आणि खरेदीच्या ॲपमध्ये जपून ठेवलेले त्याचे नंबर काढून टाका. हे केलं नाही तर खालचे सगळे आकडे खोटे ठरतील.

दुसरी पायरी: घर महिन्याला किती झिजतं?

हा हिशेब फार थोड्या घरांत होतो. वस्तू मोडली की खर्च ‘आला’ असं आपण म्हणतो, पण दहा वर्षांचा फ्रीज बंद पडणं हा अपघात नव्हे. तारीख फक्त ठाऊक नसते.

घरातून एक चक्कर मारा आणि चार हजारांवरच्या प्रत्येक वस्तूसमोर तीन गोष्टी लिहा: वय, आज नवी घ्यायची तर किंमत, आणि अजून किती महिने चालेल असं वाटतं. अंदाजासाठी ढोबळ आयुर्मान असं धरा: फ्रीज १० ते १५ वर्षं, वॉशिंग मशीन ८ ते १०, गिझर ८ ते १० (बोअरचं जड पाणी असेल तर बरंच कमी), इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ४-५ वर्षं, पाण्याच्या आरओचा मेम्ब्रेन २-३ वर्षं. गॅसच्या शेगडीची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायचीच असते. तिचा खर्च किरकोळ आहे, पण तिला यादीत जागा हवी कारण ती पुढे ढकलायची वस्तू नाही.

किंमत भागिले उरलेले महिने, एवढंच गणित. आपल्या घराचं असं येतं:

फ्रीज २८,०००, तीन वर्षं उरली धरून, महिन्याला ७८०.
वॉशिंग मशीन २२,०००, चार वर्षं, ४६०.
बॅटरी १५,०००, दीड वर्ष, ८३०.
गिझर ९,०००, दोन वर्षं, ३७५.
मिक्सर ४,५००, दोन वर्षं, १९०.
मोबाइल १५,०००, दोन वर्षं, ६२५.
आरओची देखभाल वर्षाला ३,५००, म्हणजे २९०.
घराचा रंग ४५,०००, तीन वर्षांनी, १,२५०.

बेरीज ४,८०० रुपये. पगार झाला की हे घर गुपचूप दरमहा ४,८०० चं बिल लावतंय आणि ते आजवर कोणी भरत नव्हतं. कार्डावरच्या ५८,००० पैकी बराच भाग अशाच न भरलेल्या बिलांचा निघतो. जुनी स्टेटमेंटं काढून पाहा.

यादीला एक खूण अजून करा: कोणती वस्तू नसेल तर घर अडेल? फ्रीज, गिझर (तेही हिवाळ्यात), शेगडी. रंग कोणालाही अडवत नाही, गळती मात्र अडवते. मिक्सर बंद पडला तर आठवडाभर खलबत्ता चालतो, मुलीच्या दहावीच्या वर्षी इन्व्हर्टर चालत नाही. ही खूण प्रत्येक घराची वेगळी असणार.

तिसरी पायरी: ९,४५० कसे वाटायचे

इथे बहुतेक लोक ‘निम्मे इकडे, निम्मे तिकडे’ करतात. ऐकायला समतोल वाटतं, पण किती महाग पडतं ते पाहा. जीएसटी धरून कार्ड महिन्याला ४.१३ टक्के खातंय, वर्षाला साडेएकोणपन्नास.

सगळे ९,४५० कार्डावर भरले, तर कार्ड आठव्या महिन्यात संपतं. एकूण व्याज साधारण १०,३००.

८,४५० कार्डावर आणि १,००० बाजूला, तर नवव्या महिन्याच्या सुरुवातीला संपतं. व्याज साधारण ११,६००.

निम्मे-निम्मे, ४,७२५ प्रत्येकी, तर अठरा महिने. व्याज साधारण २४,६००.

म्हणजे निम्मे-निम्मे केल्याने व्याजाचे १३,००० जादा जातात. ज्या फ्रीजसाठी साठवत होतो त्याची जवळपास निम्मी किंमत.

निव्वळ गणिताला विचाराल तर ते सांगेल, सगळंच कार्डावर भरा, फ्रीज मोडला तर त्याच कार्डावर नवा घ्या, हिशेब फार बिघडत नाही. हे खरं आहे. पण त्यात दोन गोष्टी धरलेल्या नाहीत. गल्लीतला फ्रीजवाला, प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला कार्ड घेत नाहीत. आणि कपाटातलं कार्ड फ्रीजच्या निमित्ताने एकदा पाकिटात आलं की फ्रीज घेऊन झाल्यावर ते परत कपाटात जात नाही. या दोन गोष्टींसाठी महिना १,००० बाजूला ठेवायची किंमत एकूण तेराशे रुपये पडते. ती मी खुशाल देईन. त्याच्यापुढे नाही.

तेव्हा कार्ड असेपर्यंतची वाटणी अशी: ८,४५० कार्डाला, १,००० डब्यात. (डबा म्हणजे बँकेतलं वेगळं खातं. पण आजीच्या डाळीच्या डब्यातल्या नोटांइतकंच ते अस्पर्श असावं.) डब्याची सुरुवात रिकामी नको, दहाएक हजारांनी व्हावी. ते कुठून आणायचे? एखादी लहान आरडी चालू असेल तर मोडा. मुदतीआधी मोडल्याचं नुकसान व्याजात अर्ध्या-एक टक्क्याचं, कार्डाच्या पन्नास टक्क्यांपुढे ते काहीच नाही. दहा हजारांवरची रक्कम सरळ कार्डावर भरा. माळ्यावरची न वापरलेली सायकल, जुना टीव्ही, भंगार यांतूनही दोन-तीन हजार निघतात.

या काळात डबा नव्या फ्रीजसाठी नाही. तो जुना फ्रीज आणखी वर्षभर ओढण्यासाठी आहे.

कार्डाचा दरच खाली आणता येतो का?

दोन मार्ग विचारात घ्या. एक, बँकेला फोन करून थकबाकीचं ईएमआयमध्ये रूपांतर मागा. दर पुष्कळ खाली येतो, पण प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी बंद केल्याचं शुल्क आधी विचारून घ्या. मुदत बारा महिन्यांपेक्षा लांब घेऊ नका, हप्ता लहान दिसतो म्हणून तर मुळीच नको.

दुसरा सोनंतारण. आपल्याकडे घरात थोडंफार सोनं असतंच आणि ते गहाण टाकणं अजूनही कमीपणाचं वाटतं. हिशेब असा: ५८,००० वर ११ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ५३० रुपये, कार्डाचं २,३९५. लॉकरमध्ये पडून असलेल्या बांगड्यांनी महिन्याला अठराशे वाचवले तर त्यात कमीपणा कसला? पण अटी आहेत. सोनं बँकेत ठेवा, शेजारच्या ‘तात्काळ रोख’ पाटीखाली नको. वर्षाअखेर एकदम फेडायच्या योजनेऐवजी दरमहा भरायची योजना घ्या, कारण मुदत चुकली तर लिलावाची नोटीस येते. आणि कार्ड त्याच दिवशी शून्यावर आणा. सोनं गहाण पडलं आणि कार्डही पुन्हा भरलं, ही अवस्था पहिल्यापेक्षा वाईट.

‘सेटलमेंट’चा फोन आला तर घाईने हो म्हणू नका. थकबाकीपेक्षा कमी रकमेत मिटवलेलं खातं पत-अहवालात (सिबिलसारख्या संस्था ठेवतात ती तुमच्या कर्जफेडीची नोंद) ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं आणि पुढच्या कर्जाच्या वेळी आडवं येतं. पत-अहवाल अशा प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागवून पाहा. फेडलेलं जुनं कर्ज अजून चालू दिसत असेल तर ते दुरुस्त करून घ्या.

दुरुस्ती की बदली

डब्यातले पैसे कशावर जायचे हे मोडलेल्या वस्तूसमोर उभं राहून ठरवू नका, आधी ठरवा. माझा नियम असा: वस्तूचं दोन-तृतीयांश आयुष्य झालं असेल आणि दुरुस्ती नव्या किमतीच्या एक-तृतीयांशाच्या वर जात असेल तर दुरुस्ती नको. बाकी सगळ्या वेळी दुरुस्ती.

फ्रीजमध्ये दरवाजाचा रबर, थर्मोस्टॅट, रिले या दुरुस्त्या बिनधास्त करा. दहा वर्षांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर बदलणं मात्र सहसा परवडत नाही. ‘गॅस भरून देतो’ म्हणणाऱ्याला आधी गळती कुठे होती ते विचारा. गॅस आपोआप संपत नाही, गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. गिझरची कॉइल आणि थर्मोस्टॅट स्वस्त, टाकी गळायला लागली की गिझर संपला. वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप किंवा बेल्ट बदलून घ्या. फ्रंट लोडचं बेअरिंग गेलं तर कोटेशन घेऊन वरचा नियम लावा.

आयुष्य वाढवायचे उपाय कंटाळवाणे आहेत, पण डब्याचं ओझं तेच कमी करतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटरच घाला, आरओचंसुद्धा नको. फ्रीज भिंतीपासून चार बोटं लांब, मागची कॉइल दिवाळीच्या साफसफाईत धूळमुक्त. विजेचा दाब खाली-वर होणाऱ्या भागात स्टॅबिलायझर. आणि पावसाळ्याआधी, मेमध्येच, खिडक्यांच्या चौकटीच्या भेगा बुजवा. जुलैत भिंत ओली झाल्यावर रंगवाल्याशिवाय कोणाचाच फायदा होत नाही.

कार्ड अजून थकलेलं असताना फ्रीज खरोखरच गेला तर? सेकंडहँड घ्या. बदलीवर फ्रीज घेऊन दुरुस्त करून विकणारी दुकानं प्रत्येक शहरात आहेत, सहा महिन्यांची हमीही देतात. ७-८ हजारांचा फ्रीज डब्यातून निघतो. पाहुण्यांना तो जुना दिसेल. दिसू दे.

डबा कुठे ठेवायचा

पगाराच्या खात्यात नाही. दुसऱ्या बँकेत बचत खातं, त्याला यूपीआय जोडायचं नाही, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम आपोआप तिकडे जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. पंधरा-वीस हजारांच्या वर गेली की जादा रक्कम वर्षभराच्या आरडीत किंवा मुदत ठेवीत. पोस्टाची आरडी सुरक्षित आणि शंभर रुपयांपासून चालू होते, पण ती पाच वर्षांची आणि मुदतीआधी बंद करता येते तीन वर्षांनंतर. रंगकामासाठी एक वेळ ठीक, बॅटरीसाठी नाही.

पिग्मी एजंट रोज दुकानात येत असेल तर शिस्त आपोआप लागते, व्यापाऱ्यांना ती सोय खरंच उपयोगी आहे. फक्त पैसे कुठे जमा होतायत ते पाहा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसह, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थांना ते लागू नाही. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९मध्ये निर्बंध आले तेव्हा विमा असूनही लोकांचे पैसे दीर्घकाळ अडकले होते. पतसंस्था अडचणीत आली तर विमाही नाही. म्हणून सगळा डबा एका पतसंस्थेत नको, व्याज एक टक्का जास्त असलं तरी.

शेअर बाजार, म्युच्युअल फंडाची एसआयपी यातही नको. गिझरला बाजार वर येईपर्यंत थांबायला सांगता येत नाही.

चौथी पायरी: कार्ड संपल्यावर

सातव्या महिन्यात टीव्हीचा ईएमआय संपतो. ते २,२५० आठव्या महिन्यात कार्डाकडे वळवले तर कार्ड आठव्या महिन्यातच शून्य होतं. हे वळवणं महत्त्वाचं. संपलेला हप्ता दोन महिने मोकळा राहिला की तो घरखर्चात विरघळतो आणि परत वेगळा काढता येत नाही.

कार्ड ठेवायचं की बंद करायचं? पुन्हा थकण्याची धास्ती असेल तर बंद करा. थकबाकी नसेल तर बंद करण्याच्या अर्जावर बँकेने सात कामकाजी दिवसांत कारवाई करायची असते. उशीर केल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. ‘वर्षभर फी माफ करतो’ ऐकून विरघळू नका.

आता मोकळे आहेत ११,७०० रुपये आणि सर्वात महाग कर्ज १४ टक्क्यांचं. वाटणी बदलते. घराच्या झिजेचे पूर्ण ४,८०० डब्यात, उरलेले ६,९०० वैयक्तिक कर्जाकडे. का? चौदा टक्क्यांचं कर्ज लांबल्याने फार बिघडत नाही, पण वस्तू हप्त्यावर घ्यावी लागली तर तो दरही आसपासचाच असतो आणि वर रोखीची सूट हातची जाते.

पण ६,९०० जादा भरण्याआधी कर्जाचा करार काढा. आठ महिन्यांनी आपलं वैयक्तिक कर्ज ९७,००० च्या आसपास उरलेलं असेल. दरमहा ६,९०० जादा भरले तर ते सोळाऐवजी साडेसात महिन्यांत फिटतं, आणि वाचणारं व्याज किती? साधारण ४,८००. वैयक्तिक कर्जाचा दर बहुधा स्थिर असतो आणि स्थिर दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागू शकतो. आगाऊ भरलेल्या रकमेवर ४ टक्के आणि त्यावर जीएसटी धरला तर चोवीसशे रुपये त्यातच गेले. काही बँका थोडी-थोडी रक्कम आगाऊ घेतही नाहीत. असं असेल तर या कर्जाला मुकाट्याने त्याच्या हप्त्याने संपू द्या आणि ६,९०० दुसरीकडे वळवा. १ ऑक्टोबर २०२४पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत सगळे खर्च एकत्र दाखवणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ बँकेने द्यायचं असतं. तुमचं कर्ज नंतरचं असेल तर त्या कागदात दंडाचा आकडा सापडेल.

दुसरीकडे म्हणजे कुठे? मेहुण्याकडे. बिनव्याजी कर्ज गणितात शेवटी येतं, पण ज्याने कागद न करता ४०,००० दिले त्याला दोन वर्षं लग्नकार्यात टाळत फिरणं हे व्याज कोणत्याच कोष्टकात बसत नाही. पहिल्याच महिन्यात त्याला सांगून ठेवा: अमुक महिन्यापासून दरमहा पाच हजार देईन. आणि दिवाळीचा बोनस आला तर त्यातला पहिला वाटा त्याचा.

नवी वस्तू घेताना

दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न ‘रोख भाव काय?’ हा असावा. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज नाहीसं होत नाही, ते बहुधा सवलत म्हणून आधीच किमतीत फिरवलेलं असतं. बँक व्याज लावते, दुकान किंवा कंपनी तेवढी सूट दाखवते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी उरतं. रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना आक्षेप घेतला होता. नाव बदललं, खेळ तोच. डब्यात पैसे असलेला माणूस रोख भावावर आणखी हजार-पाचशेची घासाघीस करू शकतो, हप्तेवाल्याला ती मुभा नाही.

सणांच्या सवलतींपेक्षा वस्तूचा हंगाम टळलेला जास्त फायद्याचा. एसी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, गिझर मार्चनंतर. एसी, ३२ इंचांवरचे टीव्ही आणि सिमेंट यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे यादीतल्या जुन्या किमती पुन्हा तपासा. फ्रीज आणि वॉशिंग मशीन आधीपासूनच १८ मध्ये आहेत. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. त्यातल्या शिशाला किंमत असते आणि बॅटरीचं दुकान ती नव्या बिलातून वजा करतं. पंखे बदलायची वेळ आली तर बीएलडीसी घ्या, नेहमीचा पंखा ७०-७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. दिवसभर फिरणाऱ्या हॉलच्या पंख्यापासून सुरुवात करा.

खर्च तुमचा आहे का, हे आधी पाहा

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गळतीचं कोटेशन मागवण्याआधी उपविधी वाचावेत. गच्चीतून येणारं पावसाचं पाणी, बाहेरच्या सामाईक पाइपची गळती, बाहेरच्या भिंती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाची. तुमच्या बाथरूममधून खाली गळत असेल तर ती तुमची. सोसायटी तुमच्याकडून सिंकिंग फंड (बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का) आणि दुरुस्ती निधी (किमान पाऊण टक्का) घेते तो यासाठीच. वरच्या मजल्यावरचे कितीतरी लोक स्वतःच्या खिशातून छताला वॉटरप्रूफिंग करतात आणि सोसायटीचा निधी मुदत ठेवीत पडून असतो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

इमारत पंधरा वर्षांहून जुनी असेल तर दर पाच वर्षांनी, तीस ओलांडली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ते झालंय का हे वार्षिक सभेत विचारा, कारण ऑडिटनंतर निघणारी मोठ्या दुरुस्तीची वर्गणी हा तुमच्या यादीतला सर्वात मोठा आकडा ठरू शकतो. ती कुणकुण लागली तर घराचा रंग आपोआप पुढे जातो.

शेवटी गृहकर्ज

कार्ड गेलं, वैयक्तिक कर्ज गेलं, मेहुणा मोकळा झाला, डब्यात चाळीस-पन्नास हजार जमले, वेगळे तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे ठेवले, की मग गृहकर्जाकडे वळा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. आपल्या उदाहरणात १९ लाख शिल्लक असताना एक लाख आगाऊ भरला तर साधारण बारा हप्ते कमी होतात, म्हणजे अडीच लाखांच्या वर. भरताना बँकेला लेखी सांगा: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. न सांगितल्यास काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात.

त्याही आधी दर पाहा. कर्ज ऑक्टोबर २०१९च्या आधीचं असेल तर ते अजून जुन्या पद्धतीच्या दरावर असू शकतं. रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर) जोडलेल्या दरावर नेण्यासाठी बँक थोडं शुल्क घेते आणि अर्ध्या टक्क्याचा फरक असला तरी ते काही महिन्यांत वसूल होतं. बँकेने अर्ज दाबून ठेवला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे तक्रार करायला वकील लागत नाही, फी नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

वस्तूंची यादी दर गुढीपाडव्याला पुन्हा लिहा. वर्ष सरलेलं असतं, किमती बदललेल्या असतात, एखादी वस्तू अंदाजापेक्षा जास्त टिकलेली असते. टिकलेल्या वस्तूचे पैसे काढून घेऊ नका, पुढच्या नावाखाली टाका. आपल्या घराच्या यादीत बॅटरी दीड वर्षाऐवजी अडीच वर्षं चालली तर तिचे ८३० बारा महिने जादा जमतील, आणि गिझर त्यातच येतो.